शाळेची वाट आणि मुलांचे स्वावलंबन : रायपूरचे उदाहरण

मुलाने घरापासून शाळेपर्यंत कसे जावे, कोणाबरोबर जावे आणि कितव्या वर्षापासून एकट्याने जावे, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर शहराची रचना, कुटुंबाचे उत्पन्न, हवामान, सरकारी धोरण आणि मूल मुलगा आहे की मुलगी, अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते. छत्तीसगडची राजधानी रायपूर हे या दृष्टीने पाहण्याजोगे शहर आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्याची निर्मिती झाली आणि मध्य प्रदेशातील एक व्यापारी जिल्हा-शहर राजधानी बनले. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या दहा लाखांच्या पुढे गेली होती. एका पिढीच्या काळात शहर चहूबाजूंनी पसरले, शाळा शहराच्या कडेला गेल्या आणि मुलांचा रोजचा प्रवास लांबला.

मराठी वाचकाला या शहराशी नाते सांगण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि पुढे १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूर हेच मुख्य ठिकाण असलेल्या प्रांतातून चालला. शिक्षक, वकील, कारकून आणि रेल्वे कर्मचारी म्हणून आलेली अनेक मराठी कुटुंबे येथेच स्थायिक झाली. तात्यापारा हे येथील वस्तीचे नाव मराठी कानाला आजही परके वाटत नाही.

पारा आणि त्याची नजर

जुन्या रायपूरची वस्ती 'पारा' या घटकावर उभी आहे. बुढापारा, ब्राह्मणपारा, आमापारा, तात्यापारा, नयापारा अशी नावे त्याची साक्ष देतात. पारा म्हणजे मोहल्ला. परंतु केवळ पत्त्यापुरता नव्हे. येथील अरुंद गल्ल्यांत घरांचे ओटे रस्त्यावर उतरतात, दुकानदार सकाळपासून दारात असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुलाला तो कोणाच्या घरचा हे ओळखणारी माणसे दर दहा-वीस पावलांवर भेटतात. अशा वस्तीत सहा-सात वर्षांचे मूल मोठ्या भावंडाचे बोट धरून शाळेत गेले, तर त्याला कोणी 'एकटे' म्हणत नसे. पालक बरोबर नसत, पण पाहणारे पुष्कळ असत.

अमेरिकेतील लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शहरांच्या सुरक्षिततेविषयी हेच निरीक्षण मांडले. रस्ता सुरक्षित राहतो तो प्रामुख्याने पोलिसांमुळे नव्हे, तर रस्त्याकडे लक्ष असलेल्या रहिवाशांमुळे आणि दुकानदारांमुळे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पाऱ्यातील वयस्कर मंडळींना हे सांगण्यासाठी ग्रंथाची गरज पडली नसती. मात्र ही नजर केवळ प्रेमाची नसते, हेही नोंदवले पाहिजे. मुलगी कोणाशी बोलली, किती वाजता परतली, वाटेत कोठे थांबली, याची बातमी तिच्या आधी घरी पोहोचत असे. मुलाच्या बाबतीत संरक्षण करणारी नजर मुलीच्या बाबतीत पहारा ठरत असे.

करोनाच्या साथीत पाऱ्याचे महत्त्व वेगळ्या रीतीने पुढे आले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर छत्तीसगड सरकारने एप्रिलमध्ये 'पढई तुंहर दुआर', म्हणजे 'शिक्षण तुमच्या दारी', ही ऑनलाइन योजना सुरू केली. ज्यांच्या घरी स्मार्टफोन किंवा इंटरनेट नव्हते, त्यांच्यासाठी काही महिन्यांतच 'पढई तुंहर पारा' हा उपक्रम आला आणि वस्तीतील मोकळ्या जागेत, ओट्यावर किंवा झाडाखाली वर्ग भरू लागले. मूल शाळेकडे जाण्याऐवजी शाळाच चालत पाऱ्यात आली, असा हा अपवादात्मक काळ होता.

शहराबाहेरच्या कडेला वसलेल्या नव्या वसाहतींत ही व्यवस्था आढळत नाही. फाटकावर पहारेकरी असतो, आत मुले निर्धास्त खेळतात. परंतु फाटकाबाहेर पाऊल टाकताच रुंद रस्ता, वेगवान वाहने आणि अनोळखी माणसे यांना तोंड द्यावे लागते. शाळा बहुधा त्या रस्त्याच्या पलीकडे असते.

बैलगाडीपासून पिवळ्या बसपर्यंत

शाळेसाठीचा प्रवास ही रायपूरच्या दृष्टीने तशी अलीकडची गोष्ट आहे. १८७७ मध्ये कोलकात्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त येथे राहत होते, तेव्हा त्यांचे कुटुंब त्यांच्याकडे आले. रायपूरपर्यंत रेल्वे नव्हती. प्रवासाचा शेवटचा मोठा टप्पा जंगलातून बैलगाडीने करावा लागला. त्या कुटुंबात सुमारे चौदा वर्षांचा नरेंद्र होता, जो पुढे स्वामी विवेकानंद या नावाने जगाला माहीत झाला. त्या वेळी गावात त्याच्या योग्यतेची शाळा नव्हती आणि त्याचे शिक्षण वडिलांच्या सहवासात घरीच झाले, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. दत्त कुटुंब १८७९ मध्ये कोलकात्यास परतले.

त्यानंतर चित्र हळूहळू बदलले. संस्थानिकांच्या मुलांसाठी जबलपूर येथे १८८२ मध्ये सुरू झालेले राजकुमार कॉलेज १८९४ मध्ये रायपूरला आले. ते निवासी होते. तेथील विद्यार्थ्याला रोज वाट तुडवावी लागत नसे. सामान्य घरातील मुलांसाठी मात्र गाव सोडणे हाच शिक्षणाचा मार्ग होता. मराठी मातृभाषा असलेले हिंदी संपादक माधवराव सप्रे (१८७१-१९२६) हे याचे उत्तम उदाहरण. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेल्या सप्रे यांचे शालेय शिक्षण बिलासपूर आणि नंतर रायपूर येथे झाले. याच सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले, समर्थ रामदासांचा 'दासबोध' आणि लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रायपुरात मुलींसाठी पाठशाळाही स्थापन केली.

स्वातंत्र्योत्तर काळात शाळा वस्तीजवळ आल्या आणि बहुसंख्य मुले पायी जाऊ लागली. पुढे सायकल रिक्षा आली. तिच्या मागे पत्र्याची पेटी बसवून, समोरासमोर फळ्या ठोकून आठ-दहा लहान मुले बसवण्याची पद्धत मध्य भारतातील अनेक शहरांत होती. रिक्षावाला हा त्या काळातील पालकांचा विश्वासू माणूस असे. तो मुलांची दप्तरे अडकवी, भांडणे सोडवी आणि कोणी उशिरा आले तर हाक मारून थांबे. नंतर त्याची जागा ऑटोरिक्षा आणि व्हॅन यांनी घेतली आणि खासगी शाळांच्या पिवळ्या बस दारोदार फिरू लागल्या. रिक्षात सामावलेली मुले आणि बाहेर लोंबणारी दप्तरे हे दृश्य मात्र रायपूरपुरते मर्यादित नाही.

शालेय बससाठीचे आजचे अनेक नियम एका दुर्घटनेनंतर अस्तित्वात आले. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वजिराबाद पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात शालेय वाहनांसाठी निर्देश दिले. वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत मर्यादित करणारे यंत्र, किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला चालक आणि बसमध्ये प्रशिक्षित सहायक यांवर त्यांत भर आहे. महाराष्ट्राने २०११ मध्ये शालेय बससाठी स्वतंत्र नियम केले आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती बंधनकारक केली. हे नियम चांगलेच आहेत. परंतु ते बसमध्ये बसणाऱ्या मुलासाठी आहेत. पायी जाणाऱ्या मुलासाठी इतक्या तपशिलाने लिहिलेली नियमावली शोधूनही सापडत नाही.

आणि पायी जाणारी मुलेच संख्येने अधिक आहेत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार देशातील सुमारे ६० टक्के विद्यार्थी शाळा-महाविद्यालयात पायी जातात. त्याच सर्वेक्षणात ग्रामीण भागातील जवळपास ९३ टक्के आणि शहरी भागातील ८७ टक्के कुटुंबांनी प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असल्याचे सांगितले. माध्यमिक शाळेबाबत ग्रामीण प्रमाण ३८ टक्क्यांवर घसरते. मूल मोठे होते आणि शाळा दूर जाते.

रायपूरच्या मधोमध जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड हा मुंबई-कोलकाता मार्गाचा जुना भाग आहे. अवजड वाहतूक आता बाहेरच्या रस्त्यांवर वळवली गेली असली, तरी टाटीबंधसारखे चौक पायी ओलांडणे मोठ्यांनाही सोपे नाही. शास्त्री चौकाच्या परिसरात पादचाऱ्यांसाठी आकाशमार्ग, म्हणजे स्कायवॉक, उभारण्याचे काम २०१७ मध्ये सुरू झाले आणि पुढे कित्येक वर्षे त्याचा लोखंडी सांगाडा अर्धवट अवस्थेत उभा राहिला. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत मरण पावलेल्या १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्तींपैकी ३२ हजार ८२५ पादचारी होते, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. पालकांची धास्ती निराधार आहे, असे म्हणता येत नाही.

एकटे जाणारे मूल कोणाचे?

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. मध्यमवर्गीय वसाहतीत दहा-बारा वर्षांचा मुलगा आईच्या स्कूटरवरून कोपऱ्यावरच्या शिकवणीला जातो. त्याच रस्त्याने बांधकाम मजुराची आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन सरकारी शाळेत पोहोचते. दुसऱ्या मुलीला स्वावलंबी व्हावे म्हणून कोणी मुद्दाम मोकळीक दिलेली नसते. तिच्या आईवडिलांना सकाळी सहाला कामावर जायचे असते. पाश्चात्त्य देशांत ज्याची 'बालकांचे स्वातंत्र्य' म्हणून चर्चा होते, ते आपल्याकडे बहुतेकदा गरिबीचे दुसरे नाव असते आणि उत्पन्न वाढले की कुटुंब सर्वप्रथम मुलाचे पायी जाणे थांबवते. वाहनातून जाणारे मूल हे सुस्थितीचे चिन्ह समजले जाते.

मराठी समाजात स्वावलंबनाची थोरवी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. गरीब विद्यार्थ्याने दुसऱ्या गावी राहून आठवड्याचे सात वार सात घरी जेवणे, म्हणजेच वार लावणे, किंवा माधुकरी मागणे ही रीत विसाव्या शतकातही चालू होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विविध समाजांच्या वसतिगृहांना पाठबळ दिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे तर स्वावलंबी शिक्षण हेच ब्रीद आहे. या परंपरेत मुलाने लहान वयात घर सोडणे हा कष्टाचा, पण मानाचा भाग होता.

परंतु रस्ता सर्वांना सारखा नव्हता. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाल्यानंतर सावित्रीबाई फुले शिकवण्यासाठी निघत, तेव्हा त्यांच्यावर शेण आणि चिखल फेकला जाई. त्या शिक्षिका होत्या. तरीही घर ते शाळा एवढ्या अंतरासाठी त्यांना जास्तीचे लुगडे बरोबर न्यावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आत्मपर टिपणांत १९०१ मधील एक प्रवास सांगितला आहे. वडिलांना भेटण्यासाठी ते घरातील इतर मुलांसह साताऱ्याहून निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. मुलांची जात समजल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरले. रात्रभर त्यांना कोणी पाणी दिले नाही. तो शाळेचा प्रवास नव्हता. पण मुलाने घराबाहेर एकट्याने पडणे म्हणजे काय, हे त्याच्या पालकांच्या धैर्यापेक्षा समाजाच्या वागणुकीवर किती अवलंबून असते, ते त्यातून स्पष्ट होते.

छत्तीसगडच्या दक्षिणेकडील बस्तरमध्ये बालपणाविषयीची वेगळीच दृष्टी आढळते. मुरिया गोंड समाजातील घोटुल ही तरुण मुलामुलींची संस्था. तेथील व्यवस्था ती मुलेच पाहत. व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ मध्ये तिच्यावर विस्तृत ग्रंथ लिहिला. बाहेरच्या लेखकांनी घोटुलचे वर्णन बहुधा कुतूहलापोटी केले, पण मुलांवर जबाबदारी सोपवण्याची तिच्यातील रीत फारशी कोणी पाहिली नाही. अलीकडच्या दशकांत याच भागातील हजारो मुले आश्रमशाळांत आणि 'पोटा केबिन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निवासी शाळांत शिकली. संघर्षामुळे गावातील शाळा बंद पडल्याने त्यांना घरापासून दूर राहावे लागले.

सायकल आणि मुली

मुलींच्या शाळेची वाट सर्वांत आधी तुटते ती आठवीनंतर. गावातील शाळा तेथे संपते आणि पुढची शाळा काही किलोमीटरवर असते. छत्तीसगड सरकारने २००४ मध्ये सरस्वती सायकल योजना सुरू केली. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना तिच्यातून विनामूल्य सायकल मिळते. बिहारने २००६ मध्ये मुलींसाठी अशीच योजना आणली आणि तिचा पद्धतशीर अभ्यास झाला. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगा-मुलगी यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. माध्यमिक शाळा तीन किलोमीटरपेक्षा दूर असलेल्या गावांत परिणाम अधिक ठळक होता.

सायकलचा उपयोग अंतर कमी करण्यापुरता नाही. एकटी मुलगी रस्त्याने जाताना पाहून प्रश्न विचारणारे गाव, वीस मुली एकाच गणवेशात सायकलवर जाऊ लागल्या की काही महिन्यांत त्याला सरावते. सरकारने दिलेल्या वस्तूमुळे पालकांनाही एक उत्तर मिळते. मुलीला बाहेर पाठवण्याचा निर्णय त्यांचा एकट्यांचा राहत नाही.

सीमेपलीकडे, महाराष्ट्राच्या गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांत, हेच काम प्रामुख्याने एस.टी. करते. मानव विकास कार्यक्रमातील निळ्या बस मागास तालुक्यांतील मुलींना शाळेत नेतात आणि ग्रामीण मुलींना प्रवासाचा मोफत पास मिळतो. एस.टी.वर मुलींचे शिक्षण किती विसंबून आहे, ते २०२१-२२ मधील कर्मचाऱ्यांच्या दीर्घ संपात दिसले. करोनानंतर शाळा उघडल्या होत्या, पण गावात गाडी येत नव्हती. छत्तीसगडमध्ये एस.टी.सारखे राज्य परिवहन महामंडळ नाही. तालुक्याच्या गावांना जोडणाऱ्या बस मुख्यतः खासगी आहेत आणि म्हणूनच तेथे सायकलचे मोल अधिक आहे.

परदेशातील अनुभव

ब्रिटनमध्ये १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात. १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्के उरले. मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही तुलना केली तेव्हा त्यांनी सरकारच्या एका दाव्याला आक्षेप घेतला. मुलांचे अपघाती मृत्यू घटले याचे श्रेय सुरक्षित रस्त्यांना दिले जात होते. हिलमन यांच्या मते रस्ते सुरक्षित झाले नव्हते, मुलेच रस्त्यावरून काढून घेतली गेली होती. अमेरिकेतही पायी किंवा सायकलने जाणाऱ्या ५ ते १४ वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९६९ मधील ४८ टक्क्यांवरून २००९ मध्ये १३ टक्क्यांवर आले. मुलांना एकटे सोडणाऱ्या पालकांवर तेथे कारवाया होऊ लागल्या, तेव्हा युटा राज्याने २०१८ मध्ये कायदा करून मुलाला एकट्याने शाळेत जाऊ देणे म्हणजे हयगय नव्हे, असे स्पष्ट केले.

जपानमध्ये सरकारी प्राथमिक शाळेतील बहुतेक मुले चालतच जातात. पहिलीतील मुलांच्या डोक्यावर पिवळी टोपी असते, शेजारची मुले गटाने निघतात आणि वाटेतील चौकांवर स्वयंसेवक उभे असतात. त्याचे श्रेय जपानी मुलांच्या शिस्तीला देण्याची आपल्याकडे सवय आहे. शाळा वस्तीलगत ठेवणे, वाट आखून देणे आणि मोठ्यांनी आळीपाळीने चौकात उभे राहणे या गोष्टींचा वाटा त्यात अधिक आहे.

कायदा काय सांगतो

मुलाने कितव्या वर्षापासून एकट्याने शाळेत जावे, हे ठरवणारा कायदा भारतात नाही. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याखालील नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, अशी अपेक्षा आहे. दुचाकीवरून नेल्या जाणाऱ्या नऊ महिने ते चार वर्षांच्या बालकासाठी सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा यांविषयीचे नियम २०२२ मध्ये जाहीर झाले. त्याआधी २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद केली. शिकवणीला स्कूटरवर जाणारी शाळकरी मुले रायपुरात, तशीच नागपुरात आणि पुण्यात, या तरतुदीनंतरही दिसतात. बाराव्या वर्षापर्यंत मुलाला एकट्याने रस्ता ओलांडू न देणारे पालक पंधराव्या वर्षी त्याच्या हाती किल्ली देतात, हे समजणे अवघड आहे.

शाळेचे अंतर हा छत्तीसगडमध्ये २०२५ मध्ये पुन्हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. राज्य सरकारने शाळांचे 'युक्तियुक्तकरण' हाती घेतले आणि १० हजार ४६३ शाळांचे समायोजन जाहीर केले. त्यांपैकी १० हजार २९७ शाळा एकाच आवारात भरणाऱ्या होत्या. त्या एकत्र आल्याने मुलांची वाट बदलली नाही. उरलेल्यांपैकी १३३ ग्रामीण शाळा एक किलोमीटरच्या आतील आणि ३३ शहरी शाळा अर्ध्या किलोमीटरच्या आतील दुसऱ्या शाळेत सामावून घेण्यात आल्या. शिक्षक संघटनांनी या निर्णयाला विरोध केला. सहा वर्षांच्या मुलाला वाढलेले काही शे मीटर अंतर किती वाटते, ते वाटेत नाला, महामार्ग किंवा रेल्वेचे फाटक आहे की नाही यावर ठरते आणि ते नकाशावरच्या आकड्यात दिसत नाही.